आतून कडी लागणारी बोट

विपुलच्या डोक्यात बोट शिरली तेव्हा घरातल्यांनी ती सर्दीसारखी मानली. आली तशी जाईल. पूर्वी त्याच डोक्यात ट्रक शिरला होता आणि तेव्हापासून अंगणात तुळशीपेक्षा टायरच जास्त दिसत होते, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

साधी बोट नव्हे बरं. कॅटामरान. दोन लांबुळक्या होड्या शेजारी शेजारी, वर एकच मजला, मजल्यावर हॉल आणि किचन, खाली दोन्ही होड्यांच्या पोटात झोपायच्या खोल्या. परदेशात म्हणे अख्खी कुटुंबं अशा बोटीत राहतात, पोरं तिथंच शिकतात, आणि रोज नव्या किनाऱ्यावर उजाडतं. विपुल हे सगळं मोबाइलवर बघायचा आणि जेवताना सगळ्यांना दाखवायचा. त्याची आई, ठमी, जन्मभर मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई. तिनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "ही तर सांगड हाय. दोन होड्या बांधल्या की सांगड. त्यात काय यवढं?"

"आई, ही उलटत न्हाय. चिखलात बी सरळ उभी ऱ्हाते," विपुल म्हणाला.

"चिखलात कशाला उभी करायची?" म्हातारीनं विचारलं. त्यावर तेव्हा सगळे हसले.

विपुलची बायको कल्पिता हसली नाही. ती गावच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. दोन शिक्षकांची शाळा, मुख्याध्यापिका म्हणजे कुलूप उघडणारी आणि लावणारी, एवढाच त्या पदाचा थाट. शाळेची एकुलती चावी तिच्या कमरेला असायची. विपुल तिला हल्ली येता-जाता म्हणायचा, "राजीनामा दे गं. बोटीवर राहायला गेल्यावर शाळा काय पाण्यातून पोहत करणार?" ती म्हणायची, बघू. तिचं म्हणणं सरळ होतं: बोट घ्या, रविवारी फिरा, पण माझी शाळा आणि माझं घर मी सोडणार नाही. हे तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. विपुल म्हणाला, "घर कुठं पळतंय?" आणि विषय तिथंच बुडाला.

घराचं म्हणाल तर धरमतरच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधाला लागून, दोन मजली, गुलाबी रंगाचं. पण त्या घरात एकाही खोलीला आतून कडी नव्हती. मुलगी अमिषा लहान असताना एकदा आतून कडी लावून बसली होती, दार फोडावं लागलं, त्या दिवशी विपुलनं सगळ्या कड्या काढून टाकल्या. पोरगी सातवीत गेली तरी कड्या परत बसल्या नाहीत. कल्पिता वह्या तपासायला बसली की ड्रायव्हर चार्जर मागायला येई, दलाल पाणी मागायला येई, नवरा काहीच न मागता येऊन पलंगावर आडवा होई. तिला रडायचं झालं तरी ती न्हाणीघरात जायची, आणि तिथंही बाहेरून कुणीतरी विचारायचं, "झालं का?"

बोट निवडायला सगळं कुटुंब निघालं. पहिली गोव्याला. तिचं किचन खाली होडीच्या पोटात, विपुलचं डोकं तीनदा छताला आपटलं आणि बोट नापास झाली. दुसरी मुंबईला, सगळी काचेची, खोल्यांना दारांऐवजी पडदे. तिसरी मांडव्याच्या बाजूला. ती साहिल नावाचा एक गोडबोल्या एजंट विकत होता. प्रत्येक ठिकाणी विपुलनं शिडं बघितली, इंजिनं बघितली, सुकाणू धरून फोटो काढले, आणि बायकोकडं वळून म्हणाला, "तू फक्त किचनचं सांग. बाकीचं आम्ही बघतो."

तिसऱ्या बोटीवर किचन वर होतं, चारी बाजूंनी खिडक्या. कल्पिता ते बघून खाली उतरली. डाव्या होडीत दोन खोल्या, उजव्या होडीत दोन. ती एका खोलीत शिरली. हलकं पांढरं दार होतं, आणि त्याला आतून कडी होती. तिनं दार लावलं, कडी सरकवली आणि गादीच्या कडेवर बसली. वरून साहिलचं बोलणं ऐकू येत होतं, विपुलचं हसणं ऐकू येत होतं, पण आत कुणी येऊ शकत नव्हतं. किती वर्षांनी! तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिचीच तिला लाज वाटली.

वर येऊन ती म्हणाली, "ही."

"बघा!" विपुल साहिलला म्हणाला, "बायकांना किचन पटलं की काम झालं."

ज्याच्या त्याच्या कारणानं जो तो बोटीवर चढतो.

चैत्री पौर्णिमेला गावची जत्रा. दूज, म्हणजे पौर्णिमेनंतरची द्वितीया, उजाडेपर्यंत पाहुणे हलत नाहीत, त्या दिवशी घरोघर मटण शिजतं. विपुलनं साहिलकडून बोट चालवून बघायला म्हणून मागून घेतली आणि जाहीर केलं: दुजेच्या दुपारी बोट गावात आणायची, थेट जुन्या धक्क्यापर्यंत, आईच्या हातून नारळ फोडायचा, आणि आपण तीन-चार दिवस बोटीवर राहून बघायचं. सगळ्या सोयऱ्यांनी बघितलं पाहिजे. न दाखवता बोट घ्यायची तर मग घ्यायची कशाला?

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिठागरावर वाढलेल्या माणसाला उधाण शिकवावं लागत नाही. पौर्णिमेचं उधाण दुजेला सगळ्यात वर चढतं. मिठागरवाले त्याच दिवशी बांधातली उघाडी, म्हणजे पाणी अडवायची झडप, वर करून समुद्राचं पाणी आत घेतात, आणि भरती उतरायच्या आत ती खाली पाडतात. मग ते पाणी कुठं जातं? कुठंच नाही. तिथंच उन्हात पडून मीठ होतं. कारण उद्याची भरती आजच्यापेक्षा खाली, परवाची त्याहून खाली, आणि तेवढं पाणी परत चढायला अवस यावी लागते.

कल्पिताचे वडील सीताराम जन्मभर उघाडीवर राबले होते. तिला हे बाराखडीच्या आधी कळत होतं. जुना धक्का गाळानं कधीचा भरून गेलेला. तिथं दुजेच्या भरतीला बोट गेली, तर ती ओहोटीला चिखलात बसणार आणि अवसेच्या उधाणापर्यंत उठणार नाही. ती सांगायला गेलीसुद्धा. "अहो, धक्क्यापर्यंत नको. बाहेरच्या खाडीतच…"

"तुला किचनचं विचारलंय," विपुल म्हणाला. पाहुणे हसले.

तेव्हा तिच्या मनात आलं, बसू दे. बसू दे चिखलात साऱ्या गावासमोर. तीन दिवसांत नाद उतरेल, बोट परत जाईल, आणि राजीनाम्याचं नाव निघणार नाही. आपण बोटीसोबतच्या रबरी होडीनं दुसऱ्याच दिवशी किनाऱ्याला लागू. ती गप्प बसली. गप्प बसताना तिला थोडं सुखही झालं, खोटं कशाला सांगायचं.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. सामान चढवताना विपुलनं देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही लाल फडक्यात बांधून घेतले. "पूजेला लागतील," म्हणाला. ठमी बघतच राहिली. घर सोडल्याशिवाय कुणी कुळाचे टाक हलवत नाही. "देव हलवलेस?" तिनं विचारलं. विपुल तेव्हा दोर सोडण्यात फार गुंतला होता.

बोट आली, वाजतगाजत आली. बांधावर अख्खं गाव. नारळ फुटला, मोबाइल वर झाले. जुन्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बोटीच्या पोटाखाली काहीतरी मऊ लागलं आणि ती थांबली. दिवस कलेपर्यंत पाणी सरकून गेलं आणि बोट आपल्या दोन पोटांवर चिखलात बसली. उलटली नाही, कलली नाही, म्हैस रवंथ करायला बसते तशी बसली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "विपुलशेठ, हॉर्न वाजवा!" आणि सगळं गाव खदखदलं.

विपुल चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. "हीच तर खरी ट्रायल," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

पहिले दोन दिवस भरतीला थोडं पाणी आलं, रबरी होडी तरंगली. कल्पिता म्हणाली, मला शाळेत सोडा. विपुल म्हणाला, आज रजा टाक, उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी होडीला पंप लावायचा राहिला होता. तिसऱ्या दिवसापासून पाणी होडीपर्यंत आलंच नाही. चहूकडं नुसता गाळ, काळा, चकाकणारा. त्या गाळात मागल्या वर्षी गावातल्या चंदरची म्हैस मानेपर्यंत रुतली होती, ती काढायला निम्मं गाव लागलं होतं. माणूस उतरायची बात नव्हती.

आणि मग दिवस एकमेकांना चिकटायला लागले. सकाळी ऊन काचेतून आत यायचं ते संध्याकाळपर्यंत बाहेर जायचं नाही. टाकीतलं पाणी जपून वापरायचं म्हणून आंघोळ एका तांब्याची. ठमीला जिना उतरता येईना, ती वर हॉलमधल्या सोफ्यावर बसून असायची, तिथंच झोपायची. अमिषाचं मोबाइलवरून लक्ष उडालं, म्हणजे बघा. विपुल तेवढा मजेत. तो नकाशे बघायचा. "अवसेनंतर हरिहरेश्वर, मग गोवा," असं स्वतःशीच म्हणायचा.

कल्पिता खाली जाऊन दार लावायची, कडी घालायची. पहिल्या दिवशी ते बरं वाटलं. पुढं पुढं त्या खोलीत तिचा जीव गुदमरायला लागला. कडी आतून होती खरी, पण दाराबाहेर जिना, जिन्यावर किचन, किचनबाहेर चिखल. कडी कुठं लावायची आणि कुणापासून, हेच तिला कळेना. वरून हाक यायचीच: "कल्पिता, चहा!"

सगळ्यात वाईट म्हणजे सगळं दिसत होतं. बांधापलीकडं तिचं गुलाबी घर दिसायचं, गच्चीवर विसरलेली चादरसुद्धा. त्याच्या डावीकडं शाळा. शाळेला कुलूप, कारण चावी तिच्या कमरेला. दुसरे शिक्षक रत्नपाल सर मुलांना बाहेर चिंचेखाली घेऊन बसायचे. त्यांचा रोज फोन यायचा. "बाई, परीक्षा तोंडावर आलीय, पेपर कपाटात आहेत. कुलूप तोडू का?"

"नका तोडू. उद्या येते," ती म्हणायची.

का म्हणायची, तिचं तिलाच ठाऊक. ते कुलूप तुटलं तर तिचा तिकडचा शेवटचा धागा तुटला, असं तिला वाटायचं. चिंचेखालची पोरं हात हलवायची आणि ती काचेआडून हात हलवायची. विपुल ज्या खड्ड्यात पडावा म्हणून ती गप्प बसली होती, त्यात तीच म्हातारीला आणि पोरीला घेऊन बसली होती. रोज तिच्या ओठावर यायचं, सांगून टाकावं, मला माहीत होतं. पण सांगून चिखल थोडाच वाळणार होता?

अष्टमीच्या संध्याकाळी ती ताटं घेत होती. दिवेलागणीची वेळ. सहज काचेतून बघितलं तर तिच्या घरात दिवा लागला. आधी खाली, मग वर तिच्या खोलीत. मग कुणीतरी गच्चीवर आलं आणि ती चादर काढून घेऊन गेलं.

"आपल्या घरात कोण आहे?" तिनं विचारलं.

विपुलनं बघितलं. नकाशाची घडी घातली. "नवीन लोक आले वाटतं."

"कसले नवीन लोक?"

"जत्रेच्या आदल्या दिवशी व्यवहार झाला. निघताना चावी दिली. मुंबईची माणसं हायत, होमस्टे काढणार हायत." तो घाईघाईनं बोलत सुटला. "तुला सांगणारच होतो मी. पण आधी सांगितलं असतं तर तू बोटीवर पाय ठेवला असतास? म्हटलं, पंधरा दिवस राहू दे, सवय होईल. मग तुझं तूच म्हणशील, बरं केलंत."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. तिला घराचा धक्का बसायच्या आधी दुसऱ्याच शब्दाचा बसला.

"पंधरा दिवस? तीन-चार दिवस म्हणाला होतात. अडकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

विपुल हसला. त्या हसण्यात बढाई नव्हती, उलट थोडी लाजच होती, आणि तेच जास्त लागलं. "उधाण मलाबी कळतं, कल्पिता. मी बी मिठागरातलाच हाय ना."

सोफ्यावरून ठमी म्हणाली, "मलाबी ठाव व्हतं. मी म्हटलं, तुम्ही शिकलेली मानसं, बोटीला मशीन हाय, मशीन काढंल. मला कोन इचारतंय?"

तिघंही मिठागरातली. तिघांनाही दुजेचं उधाण ठाऊक. प्रत्येकानं आपापल्या हिशेबानं तोंड मिटलं आणि सगळी मिळून चिखलात येऊन बसली. शाळेतल्या पोरांनी असं केलं असतं तर कल्पितानं त्यांना ओणवं उभं केलं असतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती इतकी रडली की अमिषा घाबरून तिला बिलगली. न्हाणीघर नाही, कडी नाही, सगळ्यांसमोर रडली. आपण उघाडीच्या आत घेतलेलं पाणी आहोत, बाहेर परत भरती येऊन काय उपयोग, हे तिला त्या संध्याकाळी पुरतं कळलं. घर गेलं होतं. बोट उठली की शाळाही जाणार होती.

विपुल म्हणाला, "रड, मोकळी हो." आणि जेवायला बसला. जेवलासुद्धा.

सकाळी तिनं चहा केला नाही. ती विपुलच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस घेऊन खाली गेली आणि स्वतः निवडलेल्या खोलीचं दार काढायला लागली. बिजागरीचे स्क्रू सहज फिरत होते. दार हलकं होतं, तिला एकटीला उचलता आलं. मग दुसरं. अमिषा उठून आली आणि तिनं तिसऱ्या दाराला खालून हात लावला.

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरायच्या पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवरून तिनं एक दार चिखलावर आडवं टाकलं. ते थोडं दबलं आणि थांबलं. ती त्यावर उतरली. पाय रुतला नाही.

"आई, या," तिनं हाक मारली.

ठमी पायऱ्यांपर्यंत बसत बसत आली. तिनं चिखलाकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि पदर खोचला. "आमी पावसात मीठ काडायचू तवा अशाच फळ्या टाकायचू," ती म्हणाली. "मागची उचलायची नि म्होरं टाकायची. घाई न्हाय करायची." तिच्या ओटीत लाल फडकं होतं. टाक तिनं घेतले होते.

आवाजानं विपुल जागा झाला. वर येऊन बघतो तो खोल्यांची तोंडं उघडी आणि तीन बायका चिखलात दारांवर उभ्या. "अगं, दारं काय काढतेस? बोट अजून आपली नाही झाली!" एवढंच त्याला पहिल्यांदा सुचलं.

कल्पितानं मागचं दार ओढलं, पुढं टाकलं. अमिषानं आजीचा हात धरून तिला त्यावर घेतलं. पुन्हा मागचं उचललं. दारांची पांढरी बाजू काळी झाली, साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली, एका दाराची कडी तुटून चिखलात गेली. बांधावर माणसं गोळा झाली. या खेपेला कुणी हॉर्नचं बोललं नाही. रत्नपाल सर चिंचेखालून धावत आले आणि बांधाच्या उतारावर हात पुढं करून उभे राहिले.

आधी ठमी वर गेली, मग अमिषा. कल्पिता सगळ्यात शेवटी, तिन्ही दारं एकेक करून बांधावर ओढत. चौथं तिनं काढलंच नव्हतं, ते त्याच्या खोलीचं होतं.

"कल्पिता!" बोटीवरून विपुल ओरडला. "ती दारं तरी इकडं टाक! मी इथं एकटा काय करू?"

ती वळली. रागानं ओरडावं असं तिला वाटलं होतं, पण राग चिखलातच कुठंतरी राहिला होता. पोरांना उत्तर सांगते तशा आवाजात ती म्हणाली, "थांबा. उधाण तुम्हालाही कळतं."

ठमीनं एकदा लेकाकडं बघितलं. आईच ती, तिचा पाय अडखळला. मग ती सुनेला म्हणाली, "आता कुठं, पोरी? घर तर न्हाय."

कल्पितानं कमरेची चावी काढली आणि शाळेच्या दाराशी गेली. चिखलाच्या हातानं कुलूप उघडेना, अमिषानं तांब्यानं पाणी ओतलं, मग उघडलं. पोरं आत घुसली आणि आपापल्या जागा धरून बसली. ठमीनं फडकं सोडून टाक खडूच्या फळीवर ओळीनं मांडले. कल्पितानं कपाटातून पेपर काढले आणि पहिलीच्या पोरांना सांगितलं, दार उघडंच राहू दे.